सारांशात नसलेला गोरिला

मापसाहेबांना सिनेमातलं कळतं, ही गोष्ट त्या इमारतीत सर्वमान्य होती. लिफ्ट कुणामुळे बंद पडते यावर दोन पक्ष होते, जिन्यात पाणी कोण सांडतं यावर चार पक्ष होते, पण सिनेमाच्या बाबतीत पक्ष एकच आणि त्याचे नेते मापसाहेब. नवा सिनेमा लागला की लोक तिकीट काढायच्या आधी तिसऱ्या मजल्यावर येऊन विचारून जात. मापसाहेब चष्मा काढायचे, काचा पुसायचे, पुन्हा चढवायचे आणि म्हणायचे, "बघायला हरकत नाही. पण 'थांबलेला लंबक'च्या पासंगालाही पुरणार नाही."

गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दिवसभर बाजारात उभं राहायचं, दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनं पारखायची आणि एखादं वजन खोटं निघालं की ते रुमालात बांधून कचेरीत जमा करायचं. म्हणून ते मापसाहेब. त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक होतं, आणि तीही बरीच पुसट झाली होती. अशा माणसानं सिनेमाला 'उत्तम' म्हटलं म्हणजे त्यावर सरकारी शिक्काच पडला, असं लोक मानायचे.

आता यात गोम एकच होती. मापसाहेबांनी आयुष्यात एकही सिनेमा पाहिला नव्हता.

म्हणजे गेले होते शेकड्यांनी. इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन, वेळेच्या आधी. पण दिवसभर बाजारात पाय मोडून आलेला माणूस तो. मऊ खुर्ची मिळाली आणि दिवे मालवले, की जाहिराती संपायच्या आत त्यांची हनुवटी मुठीवर टेकायची. दुरून बघणाऱ्याला वाटावं, केवढा विचार करताहेत! सिनेमा संपून दिवे लागले की ते आपोआप जागे व्हायचे, उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि बाहेर पडल्यावर बायकोला म्हणायचे, "माझं मत नंतर. आधी तुला काय वाटलं ते सांग. अगदी पहिल्यापासून."

मग बाई पहिल्यापासून सांगायच्या. बाई सांगताहेत, मापसाहेब शेजारून "मग? मग काय झालं?" करत चाललेत, असं ते जोडपं रस्त्यानं येताना दिसलं की इमारतीतल्या बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघून सुस्कारे सोडायच्या. बघा, याला म्हणतात नवरा. बायकोचं मत विचारतो!

घरी पोचेपर्यंत मापसाहेबांना अख्खा सिनेमा पाठ झालेला असायचा. दुसऱ्या दिवशी तोच ते कचेरीत आणि जिन्यात सांगायचे, आणि इतकं रंगवून ऐकल्यावर पुन्हा तिकिटाला पैसे घालणारा कुणी उरायचा नाही. आपण झोपतो हे बायकोच्या लक्षात आलेलं नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ती पडद्याकडे बघत असते, आपल्याकडे कशाला बघेल? हा त्यांचा तर्क. नवऱ्यांचे तर्क असेच असतात, त्याला आपण काय करणार!

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना इमारतीला पंचवीस वर्षं झाली आणि हेडमास्तरांच्या अंगात उत्साह संचारला. हेडमास्तर म्हणजे निवृत्त झालेले पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ आणि इमारतीचे अध्यक्ष. निवृत्तीनंतर त्यांना रागवायला वर्ग उरला नव्हता, म्हणून ते सभा घ्यायचे. तर सभेत ते म्हणाले, "या निमित्तानं मापसाहेबांचं भाषण ठेवू. विषय, मी पाहिलेले सर्वात चांगले आणि सर्वात वाईट सिनेमे."

मापसाहेबांनी नको नको म्हणत होकार दिला. यात अडचण काहीच नव्हती. चांगला म्हणजे 'थांबलेला लंबक'. वाईट म्हणजे 'काचेचा पूल'. तो बघून येताना बाई एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मापसाहेबांनी फारच पिच्छा पुरवला तेव्हा "त्यात सांगण्यासारखं काही नाही" एवढंच म्हणाल्या होत्या. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कचेरीत मापसाहेबांना तोंड मिटून बसावं लागलं होतं. एवढा वाईट सिनेमा त्यांच्या अनुभवात दुसरा नव्हता.

पण तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर उठले. या डॉक्टरांची एक खोड होती. रोज समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकट्यानंच बोलायची सवय झाल्यामुळे, आपलं म्हणणं सगळ्यांना पटलंय असं ते धरूनच चालायचे. ते म्हणाले, "नुसतं भाषण कशाला? दोन्ही सिनेमे खालच्या हॉलमध्ये दाखवू की! पडद्याचं मी बघतो. खुर्च्या माझ्या दवाखान्यातल्या घ्या. ठरलं तर मग."

टाळ्या पडल्या. सवयीनं मापसाहेबांनीही वाजवल्या, आणि मग काय ठरलंय ते त्यांच्या ध्यानात आलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोपुढे हळूच विषय काढला. बाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या.

"अगं, तो लंबकवाला सिनेमा. तुला आठवतो ना नीट?"

"तुम्ही पाहिलाय ना?" बाई कणकेकडे बघत म्हणाल्या.

"म्हणजे काय! अगदी कालच्यासारखा. त्या घड्याळजीचा मला अजून राग येतो बघ. असा कसा माणूस असतो?"

"असतात एकेक," बाई म्हणाल्या, आणि कणकेचा गोळा त्यांनी परातीत जरा जोरातच आपटला. मग हात धुता धुता म्हणाल्या, "दुसरा एखादा लावा की. हे दोनच कशाला?"

"छे छे. शब्द दिलाय मी."

"मग लावा," बाई म्हणाल्या, आणि खिडकी बंद करायला निघून गेल्या. खिडकी बंदच होती.

सिनेमे मिळाले जुन्या बाजारामागच्या एका गाळ्यात. तिथं एक सिनेमावाला पत्र्याचे डबे रचून बसलेला असायचा. डब्यांत जुन्या सिनेमांची रिळं असायची आणि डब्यांच्या मधल्या बोळकांडीत तो स्वतः. दोन्ही सिनेमे त्याच्याकडे निघाले. मापसाहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसा आहे हो हा 'लंबक'?"

"चांगलाय," सिनेमावाला म्हणाला. "तिसऱ्या रिळात दोन सांधे आहेत, बाकी कुठे तुटलेला नाही."

"तसं नव्हे. गोष्ट कशी आहे?"

"गोष्टीचं आपण बघत नाही साहेब. मशीन तापतं, तिकडे लक्ष ठेवावं लागतं."

तेव्हा मापसाहेबांनी ठरवलं की कार्यक्रमाच्या आधी एकदा तरी हा सिनेमा डोळ्यांनी बघायचा. जन्मात एकदा. झोपेवर उपाय म्हणून त्यांनी कचेरीतलं एक किलोचं पितळी वजन पिशवीत घातलं. युक्ती अशी, की वजन हातात धरून बसायचं. डुलकी लागली की मूठ सैल होणार, वजन पडणार, आवाजानं जाग येणार. शास्त्रशुद्ध युक्ती होती. तिच्यात दोष काढता येणार नाही. दोष काढायचा तर सिनेमावाल्याच्या बसण्याच्या जागेत काढावा लागेल. गाळ्यात एकच बाकडं होतं, म्हणून तो मापसाहेबांना चिकटून बसला, आणि मशीन तापतं म्हणून अनवाणी बसला. दिवा मालवला, भिंतीवर अक्षरं उमटली, आणि पुढचं मापसाहेबांना आठवतं ते थेट सिनेमावाल्याची किंकाळी. वजन बिनचूक अंगठ्यावर बसलं होतं. मापसाहेब दचकून उठले आणि सवयीनं टाळ्या वाजवू लागले. त्यानंतर त्या गाळ्यात त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला नाही. रिळं आपण स्वतः आणून देऊ, पण साहेबांनी पाच हात लांब राहायचं, या बोलीवर सिनेमावाला कसाबसा तयार झाला.

हे कमी होतं म्हणून की काय, हेडमास्तरांना परवान्याची आठवण झाली. चार माणसांनी सिनेमा बघायचा तर परवाना लागतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. ज्यानं सांगितलं तो माणूस मापसाहेबांना अजून सापडलेला नाही.

परवान्याच्या कचेरीत खिडकीपलीकडे एक कारकून होता. बारीक अंगाचा, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगात जे जे घडतं ते त्याला न विचारता घडतंय. त्यानं इमारतीचा नकाशा उलगडला.

"हॉल म्हणता ते कुठंय? इथं तर सायकली ठेवायची जागा दाखवलीय."

"पूर्वी ठेवायचे. आता हॉल आहे."

"नकाशात सायकली आहेत. म्हणजे तिथं सायकली आहेत. सिनेमा चालू असताना त्या तिथं नसतील असा दाखला आणा."

"पण आत्ताही नाहीत!"

"मग दाखला मिळायला सोपं जाईल," कारकून म्हणाला.

सायकली नसल्याचा दाखला ज्या कचेरीतून मिळतो तिथं, सायकली होत्या हे आधी सिद्ध करावं लागतं. ती कहाणी मी सांगत बसलो तर सिनेमा राहील बाजूला. एवढंच सांगतो, की शेवटी दातांच्या डॉक्टरांनी एक जुनी सायकल विकत आणली, हॉलमध्ये ठेवली, तिची तपासणी झाली आणि मग ती बाहेर काढली. दाखला आला. कारकुनानं तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "आता सारांश."

"कसला सारांश?"

"सिनेमात काय आहे त्याचा. आक्षेपार्ह काही निघालं तर आम्ही कुठं जायचं? ज्यानं सिनेमा पाहिलाय अशा जबाबदार माणसाच्या सहीनं. तुम्ही पाहिलाय?"

"अर्थात!"

"पूर्ण? काही लोक मध्यंतरात उठून जातात. ते चालत नाही."

"शेवटचे दिवे लागेपर्यंत मी खुर्ची सोडत नाही," मापसाहेब म्हणाले. हे शंभर नंबरी खरं होतं.

तर मापसाहेबांनी सारांश लिहिला. झोकात लिहिला. एका गावात एक घड्याळजी असतो. गावातलं एकही घड्याळ त्याच्या हाताखालून गेल्यावाचून राहिलेलं नाही. पण त्याच्या स्वतःच्या घरातल्या घड्याळाचा लंबक थांबलेला असतो. बायको रोज म्हणते, एवढं बघा ना. तो म्हणतो, उद्या. ती बोलत असते, आणि हा डोळ्याला भिंग लावून दुसऱ्याच्या घड्याळात बघत 'हूं' करत असतो. एक दिवस अचानक सगळं शांत होतं. त्याला वाटतं, एखादं घड्याळ बंद पडलंय. तो दुकानातलं एकेक घड्याळ कानाला लावून बघतो. सगळी चालू. मग त्याच्या लक्षात येतं की बंद पडलंय ते बायकोचं बोलणं. घरात ती नसतेच. तो तसाच उठतो, दुकान उघडं टाकून स्टेशनकडे धावत सुटतो आणि…

इथं मापसाहेब थांबले. कारण इथंच त्या दिवशी त्यांचं घर आलं होतं. त्यांनी कुलूप उघडलं होतं, आत जाऊन वर्तमानपत्र उचललं होतं, आणि शेवट विचारायचा राहून गेला होता. इतकी वर्षं ते सगळ्यांना सांगत आले होते, "शेवट मी सांगणार नाही. तो बघण्यातच मजा आहे." सारांशातही त्यांनी तेच लिहिलं. 'काचेचा पूल'चा सारांश मात्र एका ओळीत संपला. या सिनेमात काही नाही.

कारकुनाला तो दुसरा सारांश फार आवडला. "असा असावा. पडताळायला सोपा." मग पहिला वाचायला लागला. वाचता वाचता त्याची पेन्सिल कानावरून पडली, ती त्यानं उचलली नाही. "तिला गाठतो का तो?" त्यानं विचारलं.

"ते बघण्यातच…"

"खात्याला मजा नको असते," कारकून करवादला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "ठीक आहे. मी स्वतः येईन. शेवट समक्ष पडताळून घेईन. आणि हे बघा, तुम्ही स्वतः निरीक्षक. यात लिहिल्याबाहेर काही निघालं, तर तुमच्या वरिष्ठांना कळवावं लागेल. खोटं माप देणाऱ्याचं काय करतात, ते मी तुम्हाला काय सांगणार?"

मापसाहेबांना त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. आजवर कित्येक दुकानदार त्यांच्या पुढ्यात हात जोडून "साहेब, एवढ्या वेळेला सोडा" म्हणाले होते आणि त्यांनी एकालाही सोडलं नव्हतं. आता आपणच पारड्यात बसलो आहोत, पलीकडच्या पारड्यात शिक्क्याचं वजन येतंय, असं त्यांना सारखं वाटत राहिलं. पण हेडमास्तरांनी सारांशाची प्रत जिन्याखालच्या फळ्यावर लावली होती. लोक येता-जाता ती वाचत होते आणि वरच्या मजल्यावरची एक आजी तर रोज खाली येऊन नातीकडून वाचून घेत होती. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

रविवारी दुपारी हॉल भरला. खिडक्यांना चादरी ठोकल्या होत्या. खुर्च्या दवाखान्यातल्या असल्यामुळे लोक बसताक्षणी नकळत गालाला हात लावत होते. कारकून पहिल्या रांगेत, मांडीवर दोन्ही सारांश, हातात बॅटरी. सिनेमावाला अंगठ्याला भलंमोठं बँडेज बांधून मशीनपाशी, मापसाहेबांपासून पाच हात लांब.

कोणता आधी, यावरही डॉक्टरांचाच सल्ला चालला. "आधी दाढ काढायची, मग आईस्क्रीम." म्हणून आधी वाईट. मापसाहेबांनी दोन शब्द बोलून श्रोत्यांना धीर दिला. आता जे सोसावं लागेल त्याबद्दल क्षमा मागितली. दिवे मालवले. मापसाहेब मुठीवर हनुवटी टेकून कोपऱ्यातल्या खुर्चीत स्थिरावले.

दिवे लागले तेव्हा ते टाळ्या वाजवत उठले. बघतात तर सगळा हॉल रडत होता. डॉक्टर चष्मा पुसत होते. आजी नातीच्या फ्रॉकनं डोळे टिपत होती. हेडमास्तर नाक शिंकरत होते.

"मी म्हटलं नव्हतं?" मापसाहेब समाधानानं म्हणाले. "लोक अगदी रडकुंडीला येतात."

"मापसाहेब," हेडमास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हा सर्वात वाईट?"

"याहून वाईट मी पाहिलेला नाही."

हेडमास्तरांनी छातीवर हात ठेवला. "मग तो दुसरा या वयात मला झेपेल का हो?"

डॉक्टर लोकांना समजावून सांगू लागले, की मापसाहेबांची फूटपट्टीच मोठी, आपल्याला जे डोंगर वाटतं ते त्यांच्या लेखी ढेकूळ. कारकुनानं मात्र कागदावर बॅटरी मारली. "इथं 'काही नाही' असं लिहिलंय. मला बरंच काही दिसलं." त्यानं तिथं एक फुली केली. बाई मागच्या रांगेत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

आता 'थांबलेला लंबक'. पुन्हा दिवे मालवले. लोकांनी रुमाल कोरडे करून हातात धरले.

पडद्यावर आधी अंधार. मग एक गुहा. गुहेत पिंपं, पिंपांमागे चट्ट्यापट्ट्यांच्या बनियनमधले गुंड, आणि मधोमध सोन्याचा एक लंबक.

"आता घड्याळजी येईल," आजी म्हणाली.

गोरिला आला.

तो छपरावरून पडला, त्यानं छाती बडवली, दोन गुंड उचलून पिंपात टाकले आणि वळला. पाठीवर त्याची चेन स्पष्ट दिसत होती. ती अर्धी उघडी होती आणि आत कुणाचातरी ठिपक्यांचा शर्ट होता. लोकांनी हातातले रुमाल हळूच खिशात घातले.

"हे प्रतीक आहे," हेडमास्तर कुजबुजले. "गोरिला म्हणजे काळ. काळ माणसाला पिंपात टाकतो."

मागून दोघांतिघांनी "वा!" म्हटलं. मग एक जाडा विदूषक नर्सचा पोशाख घालून आला आणि त्यानं गोरिलाला इंजेक्शन टोचलं. हेडमास्तर बराच वेळ विचार करत राहिले, पण नर्स कशाचं प्रतीक ते त्यांना सांगता येईना. गोरिलानं नर्सशी नाच सुरू केला, तेव्हा कारकून उठून उभा राहिला. त्याची सावली गोरिलावर पडली.

"थांबवा! सारांशात गोरिला नाही."

मशीन थांबलं. दिवे लागले. आणि दिवे लागले म्हटल्यावर कोपऱ्यात मापसाहेब उभे राहिले आणि कडाडून टाळ्या वाजवू लागले. "वा! काय शेवट! बघितलात? अंगावर काटा येतो, हो की नाही?"

सगळे वळून त्यांच्याकडे बघत होते. मापसाहेबांच्या टाळ्या एकेक करून विरल्या.

"मापसाहेब," हेडमास्तर म्हणाले, "अजून पहिलं रीळ संपायचंय."

कारकून पुढं झाला. "घड्याळजी कुठाय? त्याची बायको कुठाय? स्टेशन कुठाय? निरीक्षकसाहेब, तुमची सही आहे यावर. हा सिनेमा तुम्ही पाहिलाय का?"

मापसाहेबांनी पडद्याकडे बघितलं, सिनेमावाल्याकडे बघितलं, चष्मा काढला, काचा पुसल्या. कान लाल झाले होते. नोकरी, अब्रू, तिसरा मजला, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"त्यांनी नाही पाहिला. मी सांगितला."

बाई उभ्या होत्या. पदर खोचलेला. "ते झोपले होते. सगळ्या सिनेमांना झोपतात. पण त्यांनी खोटं नाही लिहिलं हं. मी जे सांगितलं ते शब्दाला शब्द लिहिलंय."

मापसाहेबांचा चष्मा हातातच राहिला. "तुला… तुला ठाऊक होतं?"

"अहो, तुम्ही घोरता," बाई म्हणाल्या. "मागचे लोक वैतागायचे. मी सांगायचे, त्यांना दमा आहे म्हणून."

हॉलमध्ये हशा पिकला. मापसाहेब त्यातून वाट काढत बोलले, "मग उठवायचंस ना मला!"

"उठवलं असतं तर येताना मला कुणी विचारलं असतं, तुला काय वाटलं म्हणून?"

हशा थांबला. बाई आता लोकांकडे बघत नव्हत्या. "घरात माझं एक वाक्य तुम्ही कधी पुरं ऐकलंत? भाजी काय आणू विचारलं तरी 'हूं'. पण सिनेमावरून येताना सारखं आपलं 'मग? मग काय झालं?' मला इतकं बरं वाटायचं! सिनेमे बहुतेक असलेच असायचे, माकडांचे. तेवढं सांगून कोपऱ्यापर्यंतसुद्धा पुरलं नसतं. म्हणून मी मनाचं सांगायला लागले. गोष्ट मोठी झाली की लांबच्या रस्त्यानं यायचे. तुमच्या लक्षातही आलं नाही."

"आणि तो 'काचेचा पूल'?" मापसाहेबांनी अगदी हळू विचारलं.

"त्यात एक म्हातारी रोज नवऱ्याला डबा घेऊन जाते. आणि तो डबा उघडायच्या आधी तिला म्हणतो, 'बस. आज काय काय झालं सांग.' दोन तास तेवढंच. त्या दिवशी मला काही बोलवलं नाही, आणि भर घालायलाही काही सुचलं नाही."

मापसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. ते खाली बसले. भर सभेत, सगळ्यांच्या देखत त्यांचे डोळे पाण्यानं भरून आले. भिंग लावून बसलेला तो मेला घड्याळजी कोण, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्याचा राग राग करत आपण तो जिन्याजिन्यात सांगत फिरलो, हेही कळलं.

कुणीतरी खाकरलं. कारकून होता. "बाई, नियमाप्रमाणे कार्यक्रम सारांशाबरहुकूम झाला पाहिजे. सिनेमात नसेल तर नसू दे, पण कुठंतरी झाला पाहिजे. नाहीतर मला यांच्या वरिष्ठांना लिहावं लागेल." मग पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावरच ठेवत म्हणाला, "तो स्टेशनवर पोचतो का वेळेत?"

"हो ना, सांगून टाका बाई," आजी म्हणाली. "माझा जीव टांगणीला लागलाय."

"मला बसून सांगता येत नाही," बाई संकोचल्या. "चालताना सुचतं."

"मग चला की! ठरलं तर मग," डॉक्टर म्हणाले, आणि दार उघडून मोकळे झाले.

अशी ती वरात निघाली. संध्याकाळ झाली होती, रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते. पुढं बाई, शेजारी मापसाहेब, मागं हेडमास्तर, डॉक्टर, नातीचा हात धरलेली आजी, सारांश हातात घेतलेला कारकून, सगळ्यात शेवटी लंगडत सिनेमावाला. गोष्टीचं आपण बघत नाही म्हणणारा तो माणूस तापलेलं मशीन तसंच टाकून आला होता. मापसाहेबांनी तपासलेल्या काट्यांवर माल जोखणारे दुकानदार दारात येऊन बघत राहिले. एकानं विचारलं, "काय झालं?" तर आजी म्हणाली, "गाडी सुटलीय."

घड्याळजी स्टेशनात शिरला. गाडी खरोखरच सुटली होती. फलाट रिकामा, आणि शेवटच्या बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं.

"मग?" मापसाहेबांनी विचारलं. आज ते सवयीनं विचारत नव्हते. "मग काय झालं?"

तो जवळ गेला. तिनं मागं वळून बघितलं नाही. तो बाकावर बसला. भिंग कपाळावर सरकवलं. आणि…

बाजाराला वळसा घालून पुन्हा इमारतीचं फाटक आलं. बाई थांबल्या. नेहमी इथंच थांबायच्या.

"घर आलं," त्या म्हणाल्या.

मापसाहेबांचा हात खिशात गेला, किल्ली बाहेर आली. त्यांनी किल्लीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि किल्ली परत खिशात टाकली.

"येऊ दे," ते म्हणाले. "तू सांग. आपण पुढच्या वळणापर्यंत जाऊन येऊ."

बाई नुसत्या हसल्या आणि चालू लागल्या. मागून कारकून घाईघाईनं पुढं आला आणि कानाशी लागून म्हणाला, "बाई, तेवढं गोरिलाचं बसवता आलं तर बघा. कागदावर माझा मेळ बसेल."

"तो येतोय ना," बाई म्हणाल्या. "पुढच्या वळणावर."